लढाईतली रजा

“तुला यायलाच पायजे,” हवालदार म्हणाले.

मी परड्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मान वर न करता विचारलं, “बेळगावात माझं काय काम?”

“कर्नलसायबांची गाठ घ्यायची हाय.”

“मग घ्या की. सायब तुमचा, अर्ज तुमचा. मला कशापायी वडताय त्यात?”

“मला कमी ऐकू येतंय. सायब हळू बोलत्यात.”

आता ही म्हणजे कमालच झाली. मांजरानं चुलीपाशी दुधाच्या भांड्याला तोंड लावलं तर ओसरीवरून ओरडणारा हा माणूस, आणि म्हणे कमी ऐकू येतं. पण मी शेंगा फोडत राहिले. आमच्या घरात बोलणं होतं ते मिठापिठापुरतं. गॅस संपला, वीजबिल आलं, विमलचा फोन आला होता, एवढ्यावर आमचा दिवस निघायचा. विमल आमची मुलगी, ती लग्न होऊन इचलकरंजीला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. दोघं तरी कसलं म्हणायचं, एकाच छपराखाली एकेकटी राहणारी दोन माणसं.

हवालदार म्हणजे माझे मालक, नागोजी दळवी. फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाले आणि हवालदार होऊन पेन्शनीत आले. सगळं गाव त्यांना हवालदार म्हणायचं, मीही मनातल्या मनात तेच म्हणायचे. नाव घेण्याइतकी जवळीक राहिली नव्हती आणि ‘अहो’ म्हणताना जीभ जड व्हायची.

त्यांच्या अर्जाचं प्रकरण साऱ्या गडहिंग्लज तालुक्याला ठाऊक होतं. एकाहत्तरच्या लढाईची दोन पदकं त्यांना मिळाली नव्हती. आमच्या गावातनं त्या लढाईला जेवढे गेले तेवढ्यांना ती मिळाली, अगदी लंगरात भाकऱ्या भाजणाऱ्यालासुद्धा मिळाली. सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात सगळे माजी सैनिक कोटावर पदकं लावून उभे राहायचे. आमच्या हवालदारांनी शिंप्याकडून पट्टी शिवून घेतली ती मुद्दाम दोन बोटं लांब. असलेली पदकं एका बाजूला, आणि न मिळालेल्या दोन पदकांची जागा मोकळी. लोक हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

रेकॉर्ड ऑफिसाला त्यांनी किती अर्ज केले ते सांगता येणार नाही. पोस्टमननं हाक मारली की मला कळायचं, नकार आला. मजकूर ठरलेला असायचा. लढाईच्या काळात सदर जवान वार्षिक रजेवर होता अशी नोंद आहे, सबब पदकं देता येत नाहीत.

त्या एका वाक्यावर माझा सगळा संसार अडून पडला होता.

लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी त्यांचं पत्र आलं होतं, रजा मंजूर झाली, येतोय म्हणून. मी घर सारवलं. आनंदाला, आमच्या थोरल्याला, नवा सदरा शिवला. तेवढ्यात लढाई पेटली. लोक म्हणाले, आता कसली रजा आणि कसलं काय, सगळ्यांना परत बोलावलंय. मीही मनाची समजूत घातली. मग आनंदा आजारी पडला आणि गेला. तो चार वर्षांचा होता. माझ्या दिरानं पलटणीला तार केली. तिचा जबाब बऱ्याच दिवसांनी आला: जवान रजेवर आहे.

रजेवर होते तर घरी का आले नाहीत?

ते आले फेब्रुवारी लागल्यावर. मी विचारलं, कुठं होता? म्हणाले, लढाईत होतो. मग कागद रजा का म्हणतो? ते पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभे राहिले. त्यांच्याच पलटणीतला आमच्या गावचा लक्षुमण गावडे पुढं सुट्टीवर आला, तोही म्हणाला, नागोजी रजेवरच होता, मी कागद बघितलाय. गावाला तेवढं पुरलं. कुठल्या स्टेशनावरची बाई, ती कशी दिसते, इथपर्यंत लोकांनी ठरवून टाकलं. मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची होते. ऐकायला कान होते आणि रडायला कोपरा होता, बाकी माझ्याजवळ काही नव्हतं.

म्हणून सांगते, त्या पदकांची मला त्यांच्यापेक्षा जास्त गरज होती. ती आली असती तर माझा नवरा खरं बोलत होता असं झालं असतं. दर वेळी नकार आला की मी वरून कुत्सित हसायचे आणि आत काळजाचा आणखी एक टवका उडायचा.

शेवटी मी बेळगावला जायला तयार झाले ती काही त्यांच्या मदतीला म्हणून नव्हे. म्हटलं, एकदाचा निकाल लागू दे. साहेबाच्याच तोंडून ‘हा रजेवर होता’ असं यांच्यासमोर ऐकलं की माझी तरी सुटका होईल.

सकाळच्या एसटीनं निघालो. त्यांनी काळा कोट घातला होता, त्यावर ती लांब पट्टी. मी खिडकीशी बसले. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेलं, ऊस आणि तंबाखूची रानं मागं पडली, आणि आम्ही दोघं एका बाकावर बसून एका शब्दानं बोललो नाही. मागच्या बाकावरच्या एका बाईनं मला विचारलं, “हे तुमचे कोण?” मी म्हटलं, “गावचे हाईत.” हवालदारांना ते ऐकू गेलं असणार. त्यांनी कोटाचं बटण लावलं.

कर्नल बेहेरे कॅम्पात राहायचे. लढाईच्या वेळी ते मेजर होते आणि हवालदारांच्या कंपनीचे प्रमुख. जुनी कौलारू बंगली, समोर मोगऱ्याच्या कुंड्या. माणूस उंच, पण वाकलेला, अंगात घरी विणलेला स्वेटर आणि त्याची एक बाही उसवलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली असावीत, कारण ती उसवण जुनी होती. त्यांनी दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि एकदम मोठ्यानं म्हणाले, “अरे, दळवी! ड्रायव्हर दळवी!”

हवालदारांनी टाचा जुळवून सलाम ठोकला. त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्यासाठी ते कधी भरून आलेले मी बघितले नव्हते, त्यामुळं मला ते बघून रागच आला.

चहा साहेबांनी स्वतः केला. तीन कप तीन तऱ्हांचे. मला साखर किती म्हणून विचारलं आणि मी सांगेपर्यंत दोन चमचे घालूनही टाकली. “घरात कुणी येत नाही हो फारसं,” ते म्हणाले, “त्यामुळे अंदाज चुकतो.” मग खुर्चीत टेकले. “बोल दळवी, कशी काय आठवण काढलीस?”

हवालदार बोलायला उभे राहिले. साहेब “बस, बस” म्हणाले तरी बसले नाहीत.

“सायब, त्या लढाईची दोन मेडलं मला मिळाली न्हाईत. रेकॉर्डात मी रजेवर हाय. दुरुस्तीचा अर्ज केलाय. तवाच्या अफसरानं लिवून दिलं तर बघू, आसं म्हंत्यात.”

साहेबांनी कप खाली ठेवला. चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. “बाई, आमचा मोगरा बघितलात का? जरा बाहेर बसा ना, ऊन छान आहे.”

मी उठायला लागले. मोठ्या माणसांच्या बोलण्यातून बाहेर पाठवलं जाण्याची मला सवय होती.

“न्हाई सायब,” हवालदार म्हणाले. “ती हितंच बसंल.”

असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी परत बसले.

“मी तुला काहीतरी सांगितलं होतं,” साहेब हळू म्हणाले.

“व्हय सायब. पाळलं. आईला सांगितलं न्हाई, ती गेली. हिलाबी सांगितलं न्हाई. आता तुमच्याम्होरं आलोय. तुमी सांगा. नसंल सांगायचं तर तसं म्हना, मी मागारी जातो.”

साहेब खुर्ची माझ्याकडं वळवून बसले. मग मलाच विचारलं, “तुम्हाला काय माहीत आहे?”

“कागदात हाय तेवढं. हे रजेवर हुते.”

“घरी आला होता रजेवर?”

“न्हाई.”

“मग कुठं होता असं तुम्हाला वाटलं?”

उत्तर माझ्याजवळ होतं. सगळ्या गावानं मिळून मला ते दिलं होतं. पण परक्या पुरुषासमोर ते तोंडातून निघेना. “कुटं आसतील तितं आसतील,” मी म्हटलं.

साहेबांनी हवालदारांकडं बघितलं. हवालदार भिंतीकडं बघत उभे होते. मग साहेब सांगायला लागले.

हवालदार खरोखरच रजेवर निघाले होते. रजेचा कागद खिशात, ट्रंक डोक्यावर, गाडीत जागाही मिळाली होती. वाटेतल्या एका मोठ्या स्टेशनावर भोंग्यावरून पुकारा झाला की लढाई लागली, फौजेच्या सगळ्या माणसांनी उतरून परत फिरायचं. हे परत फिरले. पण इकडं त्यांची पलटण जागा सोडून पुढं गेलेली. कुठं गेली ते कुणी सांगेना. तिथल्या तात्पुरत्या तळावर दुसऱ्याच एका तोफखान्याचा कॅप्टन ड्रायव्हर शोधत फिरत होता. त्याचे दोन ड्रायव्हर बॉम्बनं जायबंदी झाले होते, आणि तोफगोळ्यांच्या गाड्या उभ्या होत्या. त्यानं विचारलं, तीनटनी गाडी कोण चालवतं? यांनी हात वर केला.

“का हात वर केलास?” साहेबांनी मध्येच विचारलं. इतक्या वर्षांनी त्यांनाही ते विचारावंसं वाटलं असावं.

“ते म्हनाले, गाडी म्होरच्या बाजूला जानार. म्हटलं, आपली पलटन तिकडंच गावंल.”

पलटण काही गावली नाही. लढाई संपेपर्यंत हे त्या दुसऱ्यांचे गोळे वाहत राहिले. तो कॅप्टन शेवटच्या दिवसांत मारला गेला. त्यानं यांना तोंडी नेलं होतं, कागद कुठलाच केला नव्हता. लढाई थांबल्यावर काही दिवसांनी हे त्या तोफखान्याच्या सुभेदाराला घेऊन आपल्या पलटणीत हजर झाले. गाडीला पुढची काच नव्हती, असं साहेब म्हणाले.

“त्या सुभेदारानं मला सगळं सांगितलं. हा माणूस वाघासारखा राबला म्हणाला. मी म्हटलं, लिहून दे. त्यावर तो हात जोडायला लागला. दुसऱ्याचा माणूस विनाहुकूम ठेवून घेतला म्हणून त्याची मान अडकली असती. आणि इकडे माझ्या कागदावर काय होतं? रजा रद्द झाली, सगळे हजर झाले, एकटा दळवी नाही. लढाईच्या वेळी गैरहजर. बाई, याचा अर्थ कळतो तुम्हाला? पळून गेलेला शिपाई. तुरुंग, नोकरी गेली, पेन्शन गेलं.”

“मग?” मी विचारलं.

“मग मी लिहिलं की याला रजा रद्द झाल्याचा हुकूम पोचलाच नाही. यानं आपली रजा पूर्ण भोगली आणि वेळेवर परत आला. त्याच संध्याकाळी सही करून कागद वर पाठवला.” ते थांबले. “खोटं लिहिलं. उघड झालं असतं तर मीही गेलो असतो. म्हणून याला म्हटलं, हे कुणापाशी बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही.”

एवढी वर्षं ज्या बाईला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, जिचं लुगडंसुद्धा मला डोळ्यांपुढं दिसायचं, ती बाई नव्हतीच. स्टेशन तेवढं खरं होतं.

पण मी काही सहजासहजी हार मानणाऱ्यातली नव्हे. “ते ऱ्हाऊ द्या,” मी म्हटलं. “लढाई थांबल्यावर तर यायचं. पोरगं गेल्याची तार केलती आमी. हे आले फेब्रुवारीत. तवर कुटं हुते?”

साहेबांनी डोळे मिटले. “तार मागच्या तळावर अडकली होती. तिथल्या कारकुनानं तुम्हाला परस्पर जबाब दिला की रजेवर आहे. माझ्या हातात ती आली तेव्हा माझा कागद वर जाऊन तीन-चार दिवस झाले होते. मी याला बोलावलं आणि तार दिली.”

“म्हंजे यांना तवाच कळलं हुतं?”

“हो.”

“आनि तुमी धाडलं न्हाई?”

“कसा पाठवणार, बाई? कागदावर हा नुकताच महिनाभराची रजा भोगून आला होता. पुन्हा रजा मागायची तर ती तार वर जोडायला हवी. तारखा लागल्या असत्या. वरून विचारलं असतं, अरे, हा मुलगा गेला तेव्हा बाप घरीच होता की, मग याला तार कशाची करता?”

मला आधी ते नीट कळलंच नाही. मग कळलं.

“म्हंजे तुमच्या कागदात,” मी म्हटलं, “हे आमच्या आनंदाच्या उशाशी बसले हुते.”

हवालदारांची नजर भिंतीवरच होती. नव्या वर्षाच्या रजांचा कोटा सुटेपर्यंत, फेब्रुवारीपर्यंत, हा माणूस तिथं थंडीत गाड्या पुसत राहिला होता, खिशात ती तार घेऊन, आणि ज्याला सांगून रडावं असं कुणी नाही. कारण कुणाला सांगणार? ज्याला सांगेल तो म्हणेल, अरे, तू तर आत्ताच घरी जाऊन आलास.

“मला वाटलं, मी एक माणूस वाचवला,” साहेब म्हणाले.

“वाचवलासा की,” मी म्हटलं. “दर म्हयन्याला पेन्शन येतंय.”

हे बोलणं त्यांना लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. म्हातारा माणूस, घरी आलेल्याला हातानं चहा करून देणारा, पण त्या घडीला मला दयामाया राहिली नव्हती. ते उठले, आतून पेन आणि कोरे कागद घेऊन आले आणि टेबलापाशी बसले.

“दे तो अर्ज, दळवी. लिहून देतो. जे झालं ते सगळं लिहितो.”

“त्यानं काय हुईल सायब?”

“आधी मला विचारतील, खोटी नोंद का केली. विचारू देत, या वयात माझं काय करणार आहेत? मग तुला विचारतील, ते दिवस कुणाच्या हुकमानं तिकडे होतास. हुकूम देणारा मेला. तेव्हा रजेची नोंद खोडून तिथे गैरहजर असं लागेल. तुझं रेकॉर्ड आज स्वच्छ आहे, त्याच्यावर लाल शाई येईल. ती धुऊन निघाली तर मेडल.” त्यांनी पेनचं टोपण काढलं. “पण लिहितो. लिहायलाच हवं.”

“मग नगा लिवू, सायब.”

“म्हणजे?”

“ऱ्हाऊ द्या. नगा लिवू.”

साहेब चिडले. चिडल्यावर त्यांची पाठ सरळ झाली आणि ते कसे मेजर असतील ते मला दिसलं. “अरे, मग इतक्या लांबून आलास कशाला? साक्ष हवी म्हणालास ना?”

“साक्ष पायजे हुती. ती झाली.” हवालदारांनी पहिल्यांदाच भिंतीवरची नजर काढली. माझ्याकडं मात्र बघितलं नाही, साहेबांकडंच बघत राहिले. “हिच्या कानांवर पडाय पायजे हुतं. मी सांगून हिला पटलं न्हाई. हिची चूक न्हवं ती, मी अर्धंच सांगितलं हुतं. दुसरं अर्धं तुमच्याकडं हुतं.”

मग माझ्या लक्षात आलं की साहेब इतका वेळ पुटपुटल्यासारखे बोलत होते आणि या माणसानं एक शब्दही पुन्हा विचारला नव्हता.

निघताना साहेब फाटकापर्यंत आले. आम्ही वळणावर पोचलो तरी ते तिथंच उभे होते. घरात परत जायची त्यांना घाई नसावी.

रस्त्यावर आल्यावर माझा बांध फुटला. सुटका होईल म्हणून गेले होते मी. एवढी वर्षं मी ज्या रागाच्या आधारानं उभी होते तो राग कुणीतरी हातातनं काढून घेतला होता, आणि आता धरायला काहीच नव्हतं. बाई असती तर तिच्यावर राग धरला असता. कागदावर कसा धरायचा?

“सायबाला दिलेला शब्द तेवढा शब्द,” मी चालता चालता म्हटलं. “आनि बायको म्हंजे कोन?”

“सायबानं नोकरी राखली. त्या नोकरीवर घर चालत हुतं. बोललो आसतो आनि कुटनं तरी फुटलं आसतं, तर तो मानूस बी गेला आसता.”

“आनि मी हे न कळताच मेले आसते तर?”

ते चालत राहिले. पुढं एका दुकानाशी थांबून म्हणाले, “रोज वाटायचं सांगावं. मग वाटायचं, पदक आलं की आपसुक कळंल. म्हनून अर्ज करीत ऱ्हायलो.”

त्यानंतर त्यांनी कधी अर्ज केला नाही. ऑफिसातून एकदा विचारणा आली तर अर्ज मागं घेतला म्हणून कळवलं. आता ते नाहीत, कर्नलसाहेबही नाहीत, आणि रेकॉर्डात आजही तीच नोंद असेल.

बेळगावच्या स्टँडवर आम्ही येऊन बसलो तेव्हा भर दुपार होती. गाडीला वेळ होता. मी बाकाच्या एका टोकाला बसले, ते दुसऱ्या टोकाला. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. ती आमची नेहमीचीच बसायची रीत होती. त्यांनी कोट काढून मांडीवर घेतला, पट्टीवरची पदकं आतल्या बाजूला येतील अशी घडी घातली.

“हौसा,” ते म्हणाले.

माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकून किती काळ झाला होता! मी मान वळवली.

“आनंदाला काय झालतं?”

हा प्रश्न त्यांनी याआधी एकदाच विचारला होता. त्या फेब्रुवारीत, दारात पाऊल टाकल्या टाकल्या, ट्रंकसुद्धा खाली न ठेवता. मी तेव्हा म्हटलं होतं, “रजा जिच्याकडं काढली तिलाच जाऊन विचारा.” त्यानंतर त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आईनं, भावानं त्यांना काय दोन शब्द सांगितले असतील तेवढेच. पण आनंदाजवळ रात्रंदिवस होते ती मी. बाकीच्यांना फक्त तो गेल्याचं ठाऊक होतं. ते कसं झालं हे माझ्याशिवाय कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि मी बापाला ते कळू दिलं नव्हतं.

“घटसर्प,” मी म्हटलं.

मग मी सांगायला लागले. आधी नुसता ताप होता, खेळत होता तसाच. मग गिळता येईना. पेज दिली तर नाकातनं बाहेर यायची. वैद्यानं लेप दिला. दुसऱ्या दिवशी मान सुजली, तेव्हा दिरानं गाडी जुंपली आणि आम्ही गडहिंग्लजला निघालो. गाडीत मी त्याला उभा धरून बसले होते, आडवा केला की त्याला श्वास मिळत नव्हता. डॉक्टर म्हणाला, उशीर केलात. हे सगळं मी समोरच्या फलाटाकडं बघत सांगितलं. आमची गाडी लागली, लोक धावले, कंडक्टरनं गडहिंग्लज गडहिंग्लज म्हणून ओरडून घेतलं आणि गाडी निघून गेली. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.

“दुखत हुतं त्याला?”

“व्हय.”

“रडत हुता?”

“रडायला आवाज कुटं हुता त्याला? नुसतं तोंड वासायचा.”

त्यांनी कोटाची घडी उलगडली, परत घातली.

“माझी आठवन काढायचा?”

हो म्हणणं अगदी सोपं होतं. कुठल्याही बाईनं हो म्हटलं असतं. पण त्या दिवशी खोटं ऐकून आणि ऐकवून माझा जीव विटला होता.

“न्हाई,” मी म्हटलं. “बोलताच येत न्हवतं. आनि त्याच्या आदीबी, तुमाला तो वळकत कितीसा हुता? दोनदा बघितलं त्यानं तुमाला. दुसऱ्या बारीला तर भिऊन माझ्यामागं लपला.”

मला वाटलं, हे त्यांच्या वर्मी लागेल. पण त्यांचे खांदे हळूहळू सैल झाले. कित्येक वर्षं दाबून धरलेला श्वास सोडावा तसा त्यांनी श्वास सोडला.

“बरं झालं,” ते म्हणाले. “मला सारकं वाटायचं, पत्रात रजा लिवली हुती, तू त्याला वाचून दावलं आसशील. शेवटपातूर दाराकडं बघत आसंल. रोज वाटायचं.” त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूनं तोंड पुसलं. “वाट बघत न्हवता म्हंजे. बरं झालं.”

“वाट मी बघत हुते,” मी म्हटलं.